नातवाला लस, आजोबांना खाट

उज्जैनमधल्या एखाद्या घरात बाळ जन्मले की दीड महिन्यात आशाताई दारात हजर होते. बाळाला सहाव्या आठवड्यात न्यूमोकोकसची लस मिळते, चौदाव्या आठवड्यात पुन्हा, आणि नवव्या महिन्यात तिसऱ्यांदा. छदामही लागत नाही. मध्य प्रदेशात ही सोय २०१८ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती देशभर झाली. त्याच घरात ७२ वर्षांचे आजोबा आहेत असे धरू. मधुमेह जुना, विडी सुटली तरी दम सुटलेला नाही. या आजोबांना न्यूमोकोकसची लस हवी असेल तर ती दुकानातून विकत आणायची आणि काही हजार रुपये मोजायचे. ती घेतली नाही, थंडीत त्या जिवाणूने न्यूमोनिया झाला आणि रुग्णालयात न्यावे लागले, तर मात्र सरकार धावून येते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. दाखल झाल्यावरचा खर्च त्यात बसतो. दाखल व्हावे लागू नये म्हणून टोचायची लस बसत नाही. हा हिशेब उलटा आहे असे माझे मत आहे. पण तो सुलटा करायचा म्हणून उद्यापासून साठीपुढच्या सगळ्यांना टोचत सुटावे, असे मला म्हणायचे नाही. २०११ च्या जनगणनेत उज्जैन जिल्ह्याची वस्ती १९ लाख ८७ हजारांच्या घरात होती. त्यांत साठीपुढचे लोक राज्याच्या सरासरीने दीड लाखाच्या आसपास भरतात. आज ते अधिकच असणार. रांग कुठून सुरू करायची हा खरा प्रश्न आहे, आणि ती वयाच्या दाखल्यावरून नव्हे तर धोक्यावरून लावावी, असे पुरावा सांगतो.

न्यूमोकोकस हा जिवाणू १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांना एकमेकांच्या नकळत सापडला. त्याचा मुक्काम माणसाच्या नाकाघशात, त्यातही लहान मुलांच्या. तिथे तो बहुतेक वेळ निमूट राहतो. शिंकेतून, खोकल्यातून, शेंबड्या पापीतून तो नातवाकडून आजोबांकडे जातो आणि तिथेही बहुधा काही घडत नाही. पण सर्दीने किंवा फ्लूने श्वासनलिकेचे अस्तर सोलवटले, की तो खाली उतरतो. फुफ्फुसात पोहोचला की न्यूमोनिया, रक्तात शिरला की सर्वांगभर संसर्ग, मेंदूच्या आवरणापर्यंत गेला की मेंदूज्वर. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे अंगावरचे शर्करेचे बुळबुळीत कवच. पांढऱ्या पेशींना ते कवच पकडता येत नाही. रक्तातली प्रतिपिंडे आधी कवचाला चिकटावी लागतात. मग पेशी त्याला गिळतात आणि रक्तातला उरलासुरला माल प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, गाळून काढते. या साखळीतली एक कडी जरी कमजोर असली तरी जिवाणूचे फावते. म्हातारपणी प्रतिपिंडे उशिरा आणि कमी बनतात. मधुमेहात पांढऱ्या पेशी मंदावतात. सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसाचा दीर्घ विकार), हृदयविकार, मूत्रपिंड किंवा यकृताचा जुना आजार, दारू, धूम्रपान, कर्करोगावरचे उपचार, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, एचआयव्ही यांनी साखळी ठिकठिकाणी ढिली होते; आणि ज्याची पाणथरी काढलेली किंवा निकामी झालेली असते त्याच्याकडे गाळणीच नसते. धोक्यावरून रांग लावायची म्हणजे ही यादी डोळ्यांपुढे ठेवायची.

कवचाच्या रचनेवरून न्यूमोकोकसचे शंभराहून अधिक प्रकार पडतात, आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला सहसा ओळखत नाहीत. म्हणून या लसींच्या नावांत आकडे असतात. २३ प्रकारांची जुनी लस निव्वळ कवचाच्या शर्करेची आहे. तिच्याने प्रतिपिंडे बनतात, पण शरीराला त्यांची आठवण राहत नाही. काही वर्षांत संरक्षण ओसरते आणि दोन वर्षांखालच्या मुलांत ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. दुसऱ्या पिढीत ही शर्करा एका प्रथिनाला जोडली. प्रथिन दिसले की प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी कामाला लागतात आणि आठवण तयार होते. अशा संयुग्म लसी आधी ७ प्रकारांच्या आल्या, मग १३, १५, २०, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत खास प्रौढांसाठी बेतलेली २१ प्रकारांची. २० किंवा २१ प्रकारांची लस मिळाली तर प्रौढाला एकच डोस पुरतो. १३ किंवा १५ ची घेतली तर साधारण वर्षभराने २३ ची जोड देतात; प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना आणि पाणथरी नसलेल्यांना ती आठ आठवड्यांनी देता येते. दंड दुखणे, एखाद-दोन दिवस कणकण, याहून मोठा त्रास क्वचितच होतो.

ही लस मुळात म्हाताऱ्यांसाठी किंवा बाळांसाठी शोधली गेलीच नव्हती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९११ मध्ये आल्मरॉथ राइट हा ब्रिटिश शास्त्रज्ञ दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींवर गेला, कारण तिथे नव्याने भरती झालेले आफ्रिकी मजूर न्यूमोनियाने धडाधड मरत होते आणि खाणमालकांना ते महागात पडत होते. त्याने मारलेल्या जिवाणूंची लस हजारो मजुरांना टोचली. निकाल धूसर निघाला, कारण जिवाणूचे प्रकार वेगवेगळे असतात हे त्याच्या हिशेबात नव्हते. ते काम त्याच्यामागून तिथल्याच स्पेन्सर लिस्टरने केले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैनिकांवर शर्करेच्या लसीचा प्रयोग यशस्वी झाला, सहा प्रकारांच्या लसी बाजारातही आल्या, पण तोवर पेनिसिलिन आले होते. डॉक्टरांना लसीची गरज वाटेना आणि कंपनीने ती मागे घेतली. १९७० च्या दशकात रॉबर्ट ऑस्ट्रियन या अमेरिकी डॉक्टराने ती पुन्हा उभी केली, आणि तिची कसोटी पुन्हा दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतच लागली. लसीत असलेल्या प्रकारांचा न्यूमोनिया तिथल्या मजुरांत सुमारे ७८ टक्क्यांनी घटला. त्या बळावर १९७७ मध्ये १४ प्रकारांच्या आणि १९८३ मध्ये २३ प्रकारांच्या लसीला अमेरिकेत परवाना मिळाला. ते मजूर तरुण होते, बराकींत कोंबलेले होते, म्हणून तो ७८ चा आकडा आपल्या आजोबांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण जमिनीखाली राबणाऱ्या मजुरांच्या छातीवर पारखलेली लस नंतर श्रीमंत देशांतल्या पेन्शनरांकडे गेली, आणि दगडाच्या धुळीत राबणाऱ्या आपल्या मजुरांना तिचे नावही ठाऊक नाही, हे विसरता येत नाही.

असे मजूर शोधायला उज्जैन विभागाबाहेर जावे लागत नाही. मंदसौर याच विभागात येते. पाटीवर मुळाक्षरे गिरवलेल्या पिढ्यांना ठाऊक नसेल, पण देशभरच्या शाळांत गेलेली पाटीपेन्सिल मोठ्या प्रमाणात मंदसौरच्या दगडातून कापलेली असे. करवतीवर दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ कापणाऱ्याच्या फुफ्फुसात जाऊन बसे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांची तपासणी करून १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा निम्म्याहून अधिक कामगारांत सिलिकोसिस निघाला. शेजारच्या झाबुआ आणि अलीराजपूरमधून गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेलेल्या आदिवासी मजुरांची कहाणी तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. सिलिकाचा कण फुफ्फुसातल्या भक्षक पेशीने गिळला की ती पेशीच मरते. आणि न्यूमोकोकसलाही पहिल्यांदा अडवायचे काम त्याच पेशीचे असते. लसीने सिलिकोसिस बरा होणार नाही, त्याला जोडून येणारा क्षयही थांबणार नाही. पण असल्या छातीला वरून न्यूमोनियाचा घाला झाला तर माणसाकडे राखीव श्वास उरलेला नसतो. दीर्घ फुफ्फुसविकाराच्या रुग्णांना ही लस द्यावी यावर जगभरच्या शिफारशींचे एकमत आहे, आणि भारतातल्या डॉक्टरांच्या संघटनाही तेच सांगतात. अडते ते त्या पुढच्या पायरीवर: शिफारस कागदावर राहते, कारण लस देणारा कार्यक्रमच नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जुना आहे, पेनिसिलिनच्या काळापासूनचा: प्रतिजैविके असताना लस कशाला? याचे उत्तर ऑस्ट्रियन यांनीच १९६४ मध्ये दिले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका मोठ्या रुग्णालयातल्या दहा वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले, की न्यूमोकोकस रक्तात शिरलेल्या रुग्णांचे पहिल्या पाच दिवसांतले मृत्यू पेनिसिलिनने फारसे टळत नाहीत. जिवाणू मरतो, पण त्याने केलेली नासधूस तोवर होऊन गेलेली असते. म्हाताऱ्या माणसात तर औषध उशिराच सुरू होते, कारण न्यूमोनिया ओळखू येत नाही. ताप नसतो, खोकला नेहमीचाच वाटतो. आजी जेवत नाही, असंबद्ध बोलते, न्हाणीघरात पडते, आणि घरचे म्हणतात, वयच झाले. शिंद्यांच्या काळापासून उज्जैनमध्ये रुजलेल्या अनेक मराठी घरांत आज मुले पुण्याला किंवा बंगळुरात आणि आईवडील मागे दोघेच, अशी स्थिती आहे. तिथे तर असंबद्ध बोललेले ऐकायलाही कुणी नसते. शिवाय न्यूमोनियाने दाखल झालेल्या वृद्धांना त्या दिवसांत आणि नंतरचे काही महिने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो, हे आता पक्के झाले आहे. त्यावर प्रतिजैविकाची मात्रा चालत नाही.

आणि प्रतिजैविके तरी किती दिवस पुरणार? या बाबतीत उज्जैनकडे देशातल्या बहुतेक जिल्हा शहरांहून अधिक माहिती आहे. आगर रस्त्यावरचे आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटबरोबर अनेक वर्षे हाच विषय अभ्यासत आले आहे: डॉक्टर प्रतिजैविके किती लिहितात, कोणती लिहितात, त्यांना दाद न देणारे जिवाणू कुठे सापडतात. त्यांनी क्षिप्रा नदीचे पाणीही तपासले, आणि त्यात औषधांचे अवशेष आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू दोन्ही सापडले. खोकला आला की दुकानातून अझिथ्रोमायसिनची पट्टी आणायची सवय माळव्यात आहे तशी महाराष्ट्रातही आहे. आणि भारतातल्या न्यूमोकोकसमध्ये नेमक्या याच गटातल्या औषधांना दाद न देण्याचे प्रमाण मोठे आहे. लस घेतलेल्या माणसाला न्यूमोनियाच झाला नाही तर एक पट्टी वाचते, हा फायदा लहान दिसतो. पण तो सगळ्या गावाच्या खात्यावर जमा होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो खुद्द अमेरिकेच्या अनुभवातून आलेला आहे. जिवाणू मुलांच्या नाकात राहतो. मुलांना संयुग्म लस दिली की तो तिथून हटतो. मग आजोबांना वेगळी लस कशाला? २००० साली अमेरिकेत बाळांना ७ प्रकारांची लस सुरू झाली आणि काही वर्षांतच, ज्यांना ती कधी टोचलीच नव्हती त्या पासष्टीपुढच्या लोकांतही त्या सात प्रकारांचा गंभीर आजार झपाट्याने उतरला. हा परिणाम इतका पक्का होता, की २०१९ मध्ये तिथल्या लसीकरण सल्लागार समितीने पासष्टीपुढच्या सर्वांना १३ प्रकारांची लस सरसकट देण्याची शिफारस मागे घेतली. भारतातल्या तज्ज्ञांनी हे उदाहरण पुढे केले तर त्यांना दोष देता येणार नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. रिकाम्या झालेल्या जागी लसीत नसलेले प्रकार आले. ७ च्या लसीनंतर १९ए या प्रकाराने अमेरिकेत डोके वर काढले होते. २०२१ मध्ये मोठ्या लसी आल्यावर तीच समिती प्रौढांच्या लसीकडे परतली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने वय पासष्टवरून पन्नासवर आणले. त्याच वर्षी आलेल्या २१ प्रकारांच्या लसीत तर मुलांच्या लसींमुळे मागे हटलेले काही प्रकार मुद्दाम वगळले आहेत आणि प्रौढांत उरलेले घेतले आहेत. नातवाचे प्रकार आणि आजोबांचे प्रकार काळाच्या ओघात वेगळे होत जातात, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे बाळांना आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची १० प्रकारांची लस मिळते. गरीब देशांसाठी तिची किंमत सुमारे २ डॉलर ठेवली गेली, आणि न्यूमोकोकसच्या लसीची किंमत इतकी खाली आणता येते हे दाखवणे ही पुण्याची मोठी कामगिरी आहे. तिच्यातले प्रकार आशिया आणि आफ्रिकेतला मुलांचा आजार पाहून निवडलेले आहेत. प्रकार १ तिच्यात आहे, आणि १९९० च्या दशकात नागपूरसह देशातल्या सहा केंद्रांत झालेल्या पाहणीत हाच प्रकार सर्वाधिक सापडला होता. पण प्रकार ३ तिच्यात नाही, जो वृद्धांत जगभर त्रास देतो आणि ज्याच्यावर मुलांच्या लसीकरणाचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे नातवाच्या दंडावरच्या सुईने आजोबांचे थोडे रक्षण होईल हे खरे; त्यावर पूर्ण विसंबणे मात्र कच्चे. याच आक्षेपाचा धाकटा भाऊ म्हणजे, आमच्या प्रयोगशाळांच्या अहवालांत न्यूमोकोकस दिसतोच कुठे? तो दिसत नाही, कारण रुग्ण रुग्णालयात येईपर्यंत दोन-तीन प्रतिजैविके घेऊन आलेला असतो, आणि मग प्रयोगशाळेत रक्ताचे संवर्धन कितीही केले तरी त्यातून हा नाजूक जिवाणू उगवत नाही. ज्या नेदरलँड्सच्या चाचणीवर प्रौढांच्या लसीची बरीचशी इमारत उभी आहे, तिथे रक्ताखेरीज लघवीतून कवचाचे अंश ओळखणारी खास तपासणी वापरावी लागली होती.

त्या चाचणीतच तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक, आक्षेप दडलेला आहे: ही लस मोठ्या माणसांत इतकी काही गुणकारी नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत पासष्टीपुढचे सुमारे ८५ हजार डच नागरिक होते. निम्म्यांना १३ प्रकारांची लस, निम्म्यांना नुसते पाणी. लसीतल्या प्रकारांचा न्यूमोनिया पहिल्यांदा होण्याचे प्रमाण ४५.६ टक्क्यांनी कमी झाले, आणि रक्तात वगैरे शिरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी. टक्केवारी देखणी आहे. पण मूळ आकडे पाहा. नुसते पाणी टोचलेल्या ४२ हजारांत असे न्यूमोनियाचे रुग्ण ९०, लस घेतलेल्या ४२ हजारांत ४९. चार वर्षांत ४१ रुग्ण टळले. एक टाळायला हजारेक लोकांना टोचावे लागले. एकूण मृत्यूंत फरक दिसला नाही. लस विकणाऱ्यांच्या जाहिरातीत ४५ आणि ७५ हे आकडे असतात, ९० आणि ४९ नसतात. हे वाचून कुणी म्हणेल, मग सरकारने दीड लाख लोकांवर पैसा का उधळावा? प्रश्न रास्त आहे. मात्र ते डच वृद्ध बव्हंशी धडधाकट होते, प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना चाचणीतून वगळले होते, आणि त्या देशात बाळांचे लसीकरण आधीच सुरू होते. आता दुसरीकडे, सीओपीडीच्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचा २०१७ चा कॉक्रेन आढावा ठेवा. तिथे न्यूमोनियाचा एक रुग्ण टाळायला २१ जणांना लस द्यावी लागते असा हिशेब निघाला. मृत्यूंतला फरक त्यातही सिद्ध झाला नाही. दोन्हीकडे न्यूमोनियाची व्याख्या वेगळी होती, म्हणून हजार आणि एकवीस यांची सरळ तुलना करू नये. तरी इतके दिसते, की तीच सुई धडधाकट पेन्शनराच्या दंडात आणि धापेने वाकलेल्या मजुराच्या दंडात सारखेच काम करत नाही.

म्हणूनच रांग धोक्यावरून लावा असे म्हणतो, आणि माळव्यात ती लावणे वाटते तितके अवघड नाही. सिलिकोसिसचे रुग्ण शोधून त्यांची नोंद करणे हे तसेही शासनाचे काम आहे. भरपाईसाठी ते करावेच लागते. दुसरा गट सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांचा; त्याच्या तपासणीची यंत्रणा तर नव्याने उभी राहते आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली ती मध्य प्रदेशातच, शहडोलला. रतलाम, झाबुआ, धार या पट्ट्यातल्या भिल्ल वस्त्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि सीमेपलीकडे आपल्या नंदुरबारमध्येही तोच. सिकलसेलमध्ये पाणथरी हळूहळू निकामी होते आणि न्यूमोकोकसचा हल्ला काही तासांत जीव घेऊ शकतो. भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्याहून सौम्य असतो आणि पाणथरी अधिक काळ टिकते, असे ओडिशातल्या रुग्णांबाबत दिसले आहे. पण विदर्भातला अनुभव सगळ्यांनाच सौम्य म्हणू देत नाही. ज्याच्या हातात सरकार सिकलसेलचे कार्ड देते त्याला त्याच दिवशी लस देता येईल. २०१८ नंतर जन्मलेल्या मुलांना ती बाळपणीच मिळालेली असेल, तरुणांना आणि प्रौढांना नाही. तिसरा गट सीओपीडी आणि मधुमेह दोन्ही असलेल्या पासष्टीपुढच्या लोकांचा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला ते सरकारी आरोग्य केंद्रात दर महिन्याला येतातच. त्यांना शोधत गावोगाव हिंडायचे नाही.

पैशाचे काय? आज औषधाच्या दुकानातला दर पाहून कुणीही हात आखडेल. पण तो दर एकेकट्या गिऱ्हाइकाचा आहे. मुलांची लसही एके काळी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे काही हजारांनाच मिळे. सरकारने घाऊक मागणी केली आणि देशी उत्पादक उतरला तेव्हा ती आवाक्यात आली. सीरमची लस बाळांसाठी मान्य झालेली आहे, ती उचलून आजोबांना देता येणार नाही. त्यासाठी प्रौढांवर चाचण्या हव्यात आणि प्रौढांचे प्रकार हवेत. मात्र आयुष्मान योजनेचाच पैसा त्यातल्या जोखमीच्या सदस्यांच्या लसीवर खर्च करायला मुभा दिली, तर मागणी तयार होईल, आणि उत्पादकाला तेवढेच हवे असते. विमा कंपनीच्या दृष्टीनेही, सीओपीडीच्या एका रुग्णाला आठ दिवस अतिदक्षता विभागात ठेवण्याच्या खर्चात किती डोस येतात हा हिशेब शाळकरी मुलाला जमेल.

मोठ्या माणसांना आपल्याकडे लस टोचून घ्यायची सवय नाही, हा आक्षेप २०२१ नंतर करणे अवघड आहे. १ मार्च २०२१ ला साठीपुढच्यांचे कोविड लसीकरण सुरू झाले आणि लोक रांगा लावून उभे राहिले. उज्जैनला तर त्याची धग आधीच लागली होती; २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविडच्या मृत्युदरासाठी हे शहर देशभर चर्चेत होते. शीतसाखळी, नोंदणी, दुसऱ्या डोसची आठवण, सारे त्या काळात उभे झाले. उरतो तो एक न बोलला जाणारा आक्षेप: म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियाने सहज मरण येते, त्यात काय वाईट? ज्यांनी धाप लागलेल्या माणसाची रात्र पाहिली आहे ते या मरणाला सहज म्हणणार नाहीत. आणि आपण इथे ज्यांना आधी टोचा म्हणतो आहोत, त्यांतले सिलिकोसिसचे आणि सिकलसेलचे बरेच रुग्ण म्हातारे होतच नाहीत.

शेवटी सिंहस्थाचा विषय, कारण उज्जैनचा कोणताही हिशेब त्याला सोडून होत नाही. नाशिकनंतर २०२८ च्या वसंतात उज्जैनला कोट्यवधी लोक येतील, त्यांत वृद्ध फार. गर्दीने न्यूमोकोकस किती पसरतो याचा अभ्यास हजच्या यात्रेत झाला आहे. यात्रेहून परतणाऱ्यांच्या नाकाघशात तो जाताना होता त्याहून अधिक सापडला, आणि यात्रेच्या काळात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांत न्यूमोनियाचे रुग्ण नेहमीच मोठ्या संख्येने असतात. क्षिप्रेच्या घाटांवर उघड्या हवेत स्नान आणि मक्केतले मुक्काम यांत फरक आहे, म्हणून यात्रेकरूंना सरसकट लस द्या असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण ज्यांना ती एरवीही हवीच आहे, अशा नाशिक-पुण्याकडच्या सीओपीडीच्या किंवा मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाने स्नानाला जायचे ठरवले असेल, तर फ्लूची लस त्या वर्षीच्या थंडीपूर्वी घ्यावी आणि न्यूमोकोकसची कधीही, निघण्याआधी निदान दोन-तीन आठवडे, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. २० प्रकारांची लस मिळाली तर तेवढ्यावर भागेल. १३ ची आणि मागून २३ ची घ्यायची असेल तर मध्ये वर्षाचे अंतर पडते, आणि मग पहिला डोस २०२७ च्या होळीपूर्वीच दंडात जायला हवा.